रिकामी प्लेट आणि न आंबलेलं पीठ

आमच्या भोसरीच्या खोलीत भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे बघायची वेळ कोणावर येत नसे. मागच्या शेडमधला पॉवर प्रेस धप् धप् करायला लागला की उजाडलं असं समजायचं, भोंगा झाला की बाबांनी डबा उचलायचा, आणि या सगळ्याच्या आधी आईच्या बिडाच्या तव्यावर पहिली आंबोळी चर्र करून पडायची. त्या आवाजाने मी जागी होत असे. चाळीच्या दहा खोल्या एका ओळीत होत्या आणि आमची रस्त्याकडची, म्हणून आईने दारातच एक बाकडं टाकलं होतं. पहिल्या शिफ्टला जाणारी पोरं तिथे बसून आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ खायची आणि पुढे जायची. लातूर, बीड, सोलापूरकडून आलेली ती पोरं. त्यांनी जन्मात आंबोळी पाहिली नव्हती. एखादा नवा आला आणि "मावशी, एक मालवणी डोसा द्या" म्हणाला की आईचा पारा चढलाच. डोसो होयो तर उडप्याकडे जा, असं त्याला ऐकवून ती त्याच्या ताटलीत दोन आंबोळ्या वाढायची. दुसऱ्या दिवशी तो बरोबर नाव घेऊन मागायचा.

आई कुडाळच्या बाजूची. लग्न होऊन बाबांच्या मागोमाग भोसरीला आली तेव्हा परसातला माड सुटला, विहीर सुटली, पण आंबोळीचं पीठ तिने सोडलं नाही. तांदूळ, उडीद आणि चिमूटभर मेथी सकाळची कामं उरकली की भिजत पडायची, संध्याकाळी वाटली जायची, आणि मग आई बांगड्या वर सारून टोपात हात घालायची आणि ते पीठ फेटायची. फेटताना ती कोणाशी बोलत नसे. वर झाकण, झाकणावर माझा जुना स्वेटर. सकाळी झाकण काढलं की पीठ फुगून काठाला आलेलं, वर बारीक बुडबुडे, आणि तो आंबूस वास, जो आजही कुठे आला तर मी रस्त्यात थांबते. आई म्हणायची, हो हाताचो गूण. तिच्या आईचा हात तिच्याकडे आला होता आणि पुढे माझ्याकडे येणार होता. चमच्याने ढवळलेलं पीठ फुगून येतं, पण त्याच्या आंबोळीला जाळी पडत नाही, असं तिचं ठाम मत होतं. मी तेव्हा मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि हातगुण वगैरे शब्द ऐकले की माझ्या नाकाचा शेंडा वर जायचा. आता सांगते, पीठ आंबवणारे जंतू धान्यात असतात तसे थोडे हातावरही असतात, तेव्हा आईचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं.

पाणी ही आमच्या चाळीची खरी डोकेदुखी. नळ सकाळी यायचा आणि बघता बघता जायचा, आणि तेवढ्यात दहा खोल्यांच्या बायका, बादल्या आणि भांडणं उरकायची असायची. म्हणून बाबांनी भंगारवाल्याकडून तो निळा ड्रम आणला तेव्हा आमच्याकडे गणपती आल्यासारखा आनंद झाला. बाबा एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते, त्यांच्या खांद्यावरून ड्रम आला आणि मागून चाळीतली पोरं वाजत गाजत आली. ड्रमवरचं लेबल खरवडलेलं होतं. भंगारवाला म्हणाला, साबणाचा आहे, धुऊन घ्या की झालं. बाबांनी तो सोड्याने धुतला, चिंचेने घासला, तीन उन्हं दाखवली आणि मोरीच्या बाजूला विटांवर बसवला. त्यात दोन दिवसांचं पाणी मावत असे. तुमच्या-आमच्या घरांत असतो तसा नियम आमच्याकडेही कडक होता: प्यायचं पाणी तांब्याच्या हंड्यात, वापरायचं पाणी ड्रममध्ये. ड्रममधलं भांड्यांना, कपड्यांना, अंघोळीला. आणि तांदूळ भिजवणं, वाटणं, पीठ सैल करणं हे सगळं आईच्या लेखी 'वापरणं'. पीठ काही कोणी पीत नाही. हा एवढासा हिशेब पुढे आम्हाला किती फिरवून आणणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं?

पीठ येईना. पहिल्या दिवशी आईने थंडीला दोष दिला आणि झाकणावर स्वेटरच्या जोडीला बाबांची शाल घातली. मग उडीद जुना म्हणून दुकानदाराशी भांडून नवा आणला. मग मेथी वाढवली. शेजारच्या काकूंनी नजर लागली असं सांगून मीठमोहऱ्या उतरवल्या. पीठ मात्र रात्री ठेवलं तसंच सकाळी थंड आणि गप्प, पांढऱ्या चुन्यासारखं. तव्यावर घातलं की आंबोळी नाही, पापुद्रा व्हायचा. त्यातच आईच्या बोटांच्या पेरांची सालं जायला लागली. आधी खाज, मग भेगा. एका सकाळी ती दारात दोन्ही हात पुढे धरून बसली होती, आणि बाकड्यावरच्या पोरांना म्हणाली, "आज नाय. उद्या पण नाय. माजो हात गेलो." पोरांना वाटलं हात दुखावला. मला कळलं ती काय म्हणत होती. मी तिला मलम लावून दिलं. बाकडं तिने उचलून आत आणलं आणि त्यावर घड्या केलेल्या गोधड्या ठेवल्या. सकाळी त्या चर्र आवाजाशिवाय मला जाग येईना आणि कॉलेजला उशीर व्हायला लागला. माझी आई उदास झाली होती, आणि घरातल्या कोणालाही तिच्यासाठी काहीही करता येत नव्हतं.

कॉलेजमध्ये मात्र मी हवेत असायचे. मी हे लिहिताना पंचाहत्तरीकडे झुकलेली बाई आहे, गुडघे बोलतात, पण त्या प्रयोगशाळेची आठवण आली की अजूनही हात शिवशिवतात. कुकरसारख्या ऑटोक्लेव्हची शिट्टी, जंतुनाशक लायसॉलचा वास, जंतू वाढवायचं गरम जेलीसारखं 'अगर' काचेच्या प्लेटमध्ये ओतताना हात थरथरू नये म्हणून धरलेला श्वास. ते थिजलं की प्लेट खरवसाच्या वडीसारखी दिसायची. त्यावर एक थेंब पसरायचा, उबेच्या कपाटात ठेवायचं आणि घरी जायचं. रात्रभर आत काय चाललं असेल या विचाराने मला झोप लागत नसे. सकाळी कपाट उघडलं की ज्या थेंबात काही म्हणजे काही दिसलं नव्हतं, त्यातून ठिपकेच्या ठिपके उगवलेले. पिवळे, पांढरे, एखादा गुलाबी. एक ठिपका म्हणजे एका जंतूचं अख्खं गाव. माझ्या वर्गातल्या मुली नाक दाबायच्या आणि मी प्लेट उजेडाला धरून वेड्यासारखी हसत असायचे. आम्हाला शिकवायला शेख मॅडम होत्या. पिंपरीत त्यांच्या वडिलांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि मॅडमना कुठलीही गोष्ट उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नसे, ती बहुधा तिथली सवय. त्या प्लेट बघताना आधी काहीच बोलत नसत. नुसतं हं म्हणत. त्या हं वरून आम्ही आमचे मार्क ओळखायचो.

एकदा त्यांनी सांगितलं, प्रत्येकीने आपल्या घरचं पाणी आणा. बाटल्या त्यांनीच जंतुरहित करून दिल्या होत्या. मी ड्रममधलं पाणी भरून नेलं, कारण सकाळी हंडा रिकामा होता आणि नळ यायचा होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या प्लेट बाहेर निघाल्या. बंगल्यात राहणारीच्या प्लेटवर ठिपके, विहीरवालीच्या प्लेटवर तर जत्राच भरलेली, आणि माझी प्लेट? कोरी. एक ठिपका नाही. मी ती उलटसुलट केली, उजेडाला धरली, नवीन काचेसारखी स्वच्छ! मुली भोवती जमल्या. भोसरीच्या चाळीतलं पाणी बंगल्याच्या पाण्याला भारी पडलं होतं. मॅडम त्या दिवशी परीक्षेच्या कामाला गेल्या होत्या, त्यामुळे हं म्हणायला कोणी नव्हतं. मी बसमधून उभ्याने घरी आले ती मनात लेझीम खेळत.

घरी त्या वेळी गडबड होती. दादाची बायको, आमची सुरेखावहिनी, चाकणजवळच्या माहेरून बाळाला घेऊन आली होती, आणि बारसं आमच्याकडे, परवाच्या दिवशी ठरलं होतं. चाळीच्या समोर मांडव पडणार, दादाच्या कंपनीतली माणसं येणार, वहिनीच्या गावची माणसं येणार. मी दारातूनच बातमी दिली: आपल्या ड्रमच्या पाण्यात एकही जंतू नाही. बाबांची छाती अशी काही फुगली की विचारू नका. ड्रम त्यांचा, शोध त्यांचा, आणि आता त्याच्यावर कॉलेजचा शिक्का! त्यांनी लगेच सगळ्या चाळीला सांगितलं आणि आपणहून निर्णयही देऊन टाकला. बारशाचा स्वयंपाक ड्रमच्या पाण्यात, सरबत ड्रमच्या पाण्यात, आणि उद्या हंडाही ड्रममधूनच भरायचा. एवढं चोख पाणी मोरीत ओतत होतो, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. आई कोपऱ्यात लसूण सोलत होती. भेगाळलेल्या बोटांना लसूण झोंबत होता, म्हणून मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती प्लेट मोठ्या ऐटीत शेख मॅडमपुढे ठेवली. त्यांनी बघितली. हं म्हणाल्या नाहीत. पाणी कशात भरून ठेवता, उघडं असतं का, त्यात मग कोण कोण बुडवतं, असं एकेक विचारत गेल्या. मी सांगत गेले. उघडा ड्रम, दोन दोन दिवसांचं पाणी, आई, दादा, बाबा, शेजारची पोरं, सगळ्यांचे हात आणि एकच मग.

"मग एवढ्या हातांचे जंतू गेले कुठे?" मॅडम म्हणाल्या. "जंतू इतके सोवळे कधीपासून झाले, संगीता?"

त्यांनी प्लेट माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "ही स्वच्छ नाहीये. ही रिकामी आहे. जंतू नसणं वेगळं आणि जंतूंना जगता न येणं वेगळं. ते आपल्यापेक्षा लहान आहेत, आपल्या आधी मरतात. म्हणून तर आपण त्यांना विचारतो."

आणि त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर प्लेट नव्हती, आईचा टोप होता! थंड, गप्प, पांढरं पीठ. ते कधीपासून येत नव्हतं? ड्रम आल्यापासून. तांदूळ कशात भिजत होता? ड्रमच्या पाण्यात. पिठात जंतू मरत होते आणि पीठ बसून राहत होतं, प्लेटवर जंतू मरत होते आणि मी नाचत होते. माझी प्लेट आणि आईचा टोप एकच गोष्ट सांगत होते आणि आम्ही दोघींनी ती उलटी वाचली होती. तिने स्वतःच्या हातावर घेतली आणि मी पदकासारखी छातीवर लावली. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. मॅडमना आंबोळीचं सगळं सांगितलं, बोटांच्या सालांचं सांगितलं, एका दमात, वाक्यांना शेंडा ना बुडखा. आणि मग आठवलं की उद्या बारसं आहे. चारशे पेले सरबत म्हणा, भात म्हणा, वरण म्हणा, सगळं त्याच ड्रममधून होणार होतं, आणि बाळाला अंगावर पाजणारी वहिनी आजपासून तेच पाणी पिणार होती.

मॅडम म्हणाल्या, संशय हा पुरावा नाही. तू घरी जाऊन आत्ता सांगितलंस तर काल एक बोललीस आणि आज दुसरं, असंच म्हणतील. विचारून बघू. 'विचारून बघू' हा त्यांचा प्रयोगासाठीचा शब्द होता. त्यांनी मला तसंच परत पाठवलं. मी शेअर रिक्षाने घरी येऊन ड्रमच्या तळाचं पाणी बाटलीत घेतलं, आणि हंड्यातलंही. हंडा अजून भरला गेला नव्हता, कालचंच पाणी तळाला होतं. वहिनीला कानात एवढंच सांगितलं की आज काकूंकडचं पाणी पी, कारण विचारू नकोस. ती बाळाला थोपटत म्हणाली, "व्हय वन्सं, पर मामंजींना काय सांगू?" तोंडाला बरं नाही सांग, म्हटलं, आणि पळाले.

दुपारी आम्ही प्लेट केल्या. मॅडमनी एका साध्या, ओळखीच्या जंतूने गढूळलेलं पाणी प्लेटभर सारखं पसरायला लावलं, म्हणजे रात्रभरात तो कोपऱ्या-कोपऱ्यात उगवून दुधावर साय धरते तसा दिसायला हवा. मग ऑफिसातल्या पंचिंग मशीनने गाळणकागदाच्या टिकल्या पाडल्या, गरम करून जंतुरहित केल्या. एक टिकली हंड्याच्या पाण्यात बुडवली, एक ड्रमच्या. पाणी पातळ, विष असलंच तर थोडं, म्हणून ड्रमची टिकली बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, असं आम्ही कितीतरी वेळ करत राहिलो. हंड्याच्या टिकलीलाही तेवढ्याच वेळा बुडवलं, नाहीतर न्याय कसला? तिसरी टिकली लायसॉलची, जंतू मरतात तेव्हा प्लेट कशी दिसते हे कळायला. चिमट्याने एकेक टिकली ठेवताना माझी जीभ दातांत होती. पाण्यात विष असेल तर टिकलीच्या भोवती काही उगवणार नाही, गोल मोकळं कडं राहील. नसेल तर टिकलीच्या कडेपर्यंत साय. एवढं साधं. उबेच्या कपाटाचं दार लावलं तेव्हा मला ते उघडून पुन्हा बघावंसं वाटत होतं. मॅडमनी मला हाताला धरून बाहेर काढलं.

घरी आल्यावर मी बाबांना सांगायचा प्रयत्न केला. मांडवाचे बांबू उतरवून घेत होते ते. त्यांचा चेहरा उतरला, मग चढला. "काल तूच सांगलंस पाणी चोख म्हणान. आज वायट झाला? तुजी प्लेट खयच्या पार्टीची गो?" दादा हसला, मांडववाला हसला, आणि मलाही हसू आलं, कारण बोलले ते बरोबर होतं. उद्या सकाळी प्लेट बघेपर्यंत थांबा, एवढंच मी म्हटलं. ते थांबतो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. बाबा खरे दुखावले होते. ज्या ड्रमसाठी चाळीतल्या बायका त्यांना दुवा देत होत्या, तो आपल्याच पोरीने नासका ठरवावा, हे त्यांना लागलं.

आई मात्र सगळं ऐकत होती. ती मला मोरीशी घेऊन गेली आणि हळूच विचारलं, म्हणजे पीठ येत नाही ते पाण्यानं? मी म्हटलं, असं मला वाटतं. तिने थोडा विचार केला आणि मला जे सुचलं नव्हतं ते केलं. दोन सारखे टोप घेतले. एकाच डब्यातला तांदूळ, एकाच पिशवीतला उडीद, एकाच चिमटीतली मेथी. एक काकूंकडच्या नळाच्या पाण्यात भिजवलं, एक ड्रमच्या. संध्याकाळी वेगवेगळं वाटलं. मग बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या सोडल्या, हात काकूंच्याच पाण्याने खळखळून धुतले आणि दोन्ही पिठं तिने त्याच हातांनी फेटली, मध्ये पुन्हा हात धुऊन. माझ्यापेक्षा ती जास्त काटेकोर होती. ड्रमच्या टोपाला तिने गळ्याशी निळी चिंधी बांधली. दोन्ही टोप फळीवर शेजारी शेजारी, एकाला स्वेटर, एकाला शाल. त्या संध्याकाळी आई पुष्कळ दिवसांनी माझ्याशी काहीबाही बोलत बसली, कुडाळच्या विहिरीविषयी, तिच्या आईच्या रगड्याविषयी. तिच्या आवाजात जीव आला होता, आणि मला भीती वाटली की मी चुकले असले तर?

सकाळी टोप उघडायच्या आधीच मी निघाले. आईने हाक मारली होती, पण मला आधी प्लेट बघायची होती. मॅडम दारात किल्ली घेऊन उभ्या होत्या, त्यांनाही राहवलं नव्हतं. कपाट उघडलं. प्लेटभर साय धरली होती, अशी एकसारखी की मला स्वतःचा अभिमान वाटला. हंड्याची टिकली सायीत बुडून गेलेली, तिच्या कडेपर्यंत जंतू. लायसॉलच्या टिकलीभोवती मोठं मोकळं गोल. आणि ड्रमची टिकली? तिच्याभोवतीही गोल! बारीक, पण आखीव, वाटीच्या काठासारखं. आत काही नाही, बाहेर सगळं. मी ओरडले असेन बहुतेक, कारण शिपाईमामा धावत आले. मॅडम प्लेटवर वाकल्या आणि म्हणाल्या, "हं." मला आयुष्यात पुढे बक्षिसं मिळाली, सांडपाणी तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली, पण त्या हं ची सर कशाला आली नाही. मी प्लेट घरी न्यायला मागितली. जिवंत जंतू बसमधून न्यायचे नसतात, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं आणि प्लेट काढून घेतली. पाण्यात नेमकं काय आहे हे ही प्लेट सांगणार नाही, त्याला वेगळ्या तपासण्या लागतात. पण काहीतरी मारणारं आहे एवढं तिने सांगितलंय, जा लवकर, असं त्या म्हणाल्या.

रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्या हातात दाखवायला काही नाही. नुसता शब्द, आणि माझ्या शब्दाची किंमत काल मांडवात झालीच होती. चाळीच्या तोंडाशी आले तर आचारी आलेला, चुली मांडलेल्या, पातेली रांगेत. ड्रमपाशी बाबा मग घेऊन उभे होते. पण मगातून पाणी काढत नव्हते. आई त्यांच्या समोर उभी होती आणि दोघांच्या मध्ये, मोरीच्या कट्ट्यावर, ते दोन टोप होते.

निळ्या चिंधीचं पीठ ठेवलं तसं होतं. दुसऱ्या टोपाचं झाकण एका बाजूला कललं होतं, पीठ फुगून काठावरून उतरलं होतं, टोपाच्या अंगावरून ओघळलं होतं आणि माझा स्वेटर त्यात माखला होता. बुडबुडे अजून फुटत होते. बाबा ते बघत होते. मी धापा टाकत कड्याचं सांगितलं, टिकलीचं सांगितलं, कोणी ऐकलं की नाही माहीत नाही. त्यांनी चुलीवरचं उकळतं पाणी मागितलं, ड्रम मोरीत रिकामा केला आणि त्यात मुरलेला वास वर यावा म्हणून ते आत ओतलं. वाफ वर आली. बाबांनी वाकून वास घेतला आणि पटकन तोंड मागे केलं. मशीनवर पातं थंड ठेवायला जे पांढरं पाणी सोडतात, ते सडून घाण वास सुटू नये म्हणून त्यात एक औषध घालतात. त्याचे ड्रम त्यांच्या खात्याच्या मागे पडलेले ते रोज बघत होते.

"कूलंटातली दवा," ते म्हणाले. "साबण नाय ह्यो." आणि मग, आईकडे न बघता, "तुजे हात ह्येनीच सोलले."

मग त्यांनी दादाला ड्रिल आणायला सांगितलं. दुसऱ्या कोणाच्या घरी तो ड्रम जाऊ नये म्हणून त्यांनी त्याच्या बुडाला भोकं पाडली. बाबांना त्या ड्रमचं फार वाईट वाटलं होतं, पण एकही भोक कमी पाडलं नाही. तोवर नळ गेला होता. चाळीतल्या बायकांनी आपापले हंडे, कळशा, घागरी आणून आचाऱ्यापुढे ओतल्या. कोणी भांडलं नाही, ही आमच्या चाळीतली पहिलीच वेळ असावी. सरबत झालं, भात झाला, आणि जेवणात ठरलेली नव्हती अशी एक गोष्ट झाली. आईने बिडाचा तवा मांडवात आणून चुलीवर ठेवला. चर्र!

आता चऱ्होलीला आमच्या सोसायटीत बाविसाव्या मजल्यापर्यंत पाणी आपोआप चढतं आणि ते कशातून येतं हे कोणी विचारत नाही. मी विचारते. टाकी धुवायला येणारी पोरं मला बघितली की एकमेकांना कोपर मारतात, आली पाणीवाली आजी. मी आपली सगळ्या टाक्यांचे तळ बघून येते.

त्या दिवशी बारसं दुपारी झालं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. मी पाळण्यात वाकले तर वहिनीने नाक उडवलं, "वन्सं, हातांना कसला दवाखान्याचा वास येतोय?" लायसॉल होतं ते, घासून घासून धुतलं तरी जात नव्हतं. बाळाने मात्र काही तक्रार केली नाही. मी तिच्या कानात नाव सांगितलं, पाठीत बायकांचे धपाटे बसले, डोळ्यांत पाणी आलं ते धपाट्यांनी की कशाने, कोणाला विचारायला वेळ नव्हता. वर बघितलं तर तव्यापाशी बाकड्यावरची जुनी पोरं गोळा झाली होती, बारशाचं जेवण सोडून ताटल्या पुढे करून. त्यांच्यातलाच एक बीडचा, ज्याला आईने कधीकाळी उडप्याकडे पाठवलं होतं, तो विचारत होता की मावशी, हात बरा झाला का?

आईने उलथनं दुसऱ्या हातात घेतलं. भेगाळलेला, पीठ माखलेला उजवा हात उजेडात धरला, उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, मी प्लेट बघते तसा.

"हाताक काय झाला नव्हता," ती म्हणाली. "सोमवारपासून येवा. आंबोळी गावतली."